कोठीच्या तळाची भाजणी

“विष हाय का त्यात?” प्रयागमावशींनी विचारलं.

“नाही हो मावशी. विष कुठलं!”

“मग आळ्या पडल्यात?”

“आळ्याही नाहीत.”

“मग त्या बाईचं नेमकं दुखायलंय कुठं?”

चार दिवस मी हेच ज्याला त्याला समजावून सांगत होते आणि आता मला त्याचा वीट आला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते, एप्रिलच्या उन्हानं पत्रे आत्ताच तापायला लागले होते, आणि दीड तासात आमचा माल घेणारी जर्मनीची बाई दारात येऊन उभी राहणार होती.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. औशाच्या पुढं एका गावात अकरा बायकांचा गट होता. थालीपिठाची भाजणी करायच्या. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, आणि जरा अंगी लागावं म्हणून सोयाबीन. मी त्यांची गुणवत्ता अधिकारी. पाटी मोठी, काम एवढुसं. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकून मी लातूरहून रोज दीड तास एसटीनं यायची, दीड तास परत जायची, आणि मधल्या वेळात वह्या भरायची. अकरा बायका आणि अकरा वह्या. ओलाव्याची वही, चाळणीची वही, हात धुतल्याची वही, कोठी साफ केल्याची वही. सुरुवातीला रोजच्या रोज भरायची. मग शनिवारी बसून आठवड्याच्या खुणा एकदम करायला लागले. सगळेच करतात, असं तेव्हा मी स्वतःला सांगायची. अजूनही सगळेच करतात, हे आता या धंद्यात एवढी वर्षं काढून खात्रीनं सांगते.

भाजणी मात्र प्रयागमावशींची होती. साठी उलटलेली बाई, वाळक्या अंगाची, कपाळावर हिरवं गोंदण. कुठलं धान्य किती भाजायचं हे त्यांना वासावरून कळायचं. मी तापमापी घेऊन कढईशेजारी उभी राहिले की म्हणायच्या, “ती काडी बाजूला घे गं वैजू, वास येऊ दे.” आणि नजर अशी, की उडदातला काळा खडा दारात उभं राहून सांगायच्या, त्या सुपात बघ, कडेला हाय.

“मावशी, ऐका,” मी म्हणाले. “काही बियाणं असं असतं की त्यात शाळेत, म्हणजे प्रयोगशाळेत, फेरफार केलेला असतो. आपल्या कापसात नाही का केलेला, तसा. तिकडच्या लोकांचं म्हणणं, तसलं धान्य आमच्या खाण्यात असलं तर पाकिटावर छापा. आम्हाला कळू दे. एवढंच.”

“मग छापा की.”

“छापलं तर ती बाई घेणार नाही. तिच्या दुकानात येणारी माणसं तसलं घेत नाहीत. पण चुकून जरासं मिसळलं असलं तर छापायची गरज नाही. जरासं म्हणजे शंभर रुपयांत नव्वद पैसे.”

“आपलं किती निघालं?”

“साठ पैसे.”

“मग झालं की! तीस पैसे अजून हायतच.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

“ते चुकून गेलेलं पाहिजे मावशी. नाहीतर कितीही केलं तरी टाळता येत नव्हतं, असं पाहिजे. हातानं जाऊ दिलं असलं तर मग चिमूटभर का असेना, छापावंच लागतं.”

मावशींचं हसणं थांबलं. त्यांनी कोठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“म्हणजे कालचं,” त्या म्हणाल्या.

“हो. कालचंच.”

कालचं म्हणजे काय, ते सांगते. जर्मनीहून तपासणीचा कागद आला तेव्हापासून मी गोण्या झटकून पाहिल्या, गिरणी उघडून पाहिली, शेतकऱ्यांकडं फोन लावले. आमचं सोयाबीन गावातलंच, साधं, त्यात काही नव्हतं. एकच खेप वेगळी होती. जर्मनीचा माल भरायच्या आधी आम्ही अंगणवाडीच्या पोषण आहाराची भाजणी केली होती. तेव्हा घरचं सोयाबीन संपलं होतं, म्हणून बाजारातून तयार सोयापीठ आणलं. कुठल्या देशाचं, ते व्यापाऱ्यालाही धड सांगता येईना. घ्यायचं का, असं गटाच्या अध्यक्षा रत्नमालाताईंनी मला विचारलं होतं आणि घ्या म्हणणारी मीच होते. ती खेप गेली, कोठी रिकामी झाली, पुसली गेली आणि मग जर्मनीची चारशे किलो भरली. वहीत तसं होतं.

काल संध्याकाळी मी पहिल्यांदाच कोठी रिकामी होताना समोर उभी राहिले. छातीइतकी उंच पत्र्याची कोठी, वर झाकण, खालच्या अंगाला पीठ काढायचं तोंड. मावशी तोंडातून हात घालून भाजणी ओढत होत्या आणि सुपानं भरून देत होत्या. शेवटी सूपभर राहिली तेव्हा त्यांनी हात बाहेर घेतला, पदराला पुसला, तोंड बंद केलं आणि वरचं झाकण लावलं.

“मावशी, आत राहिलंय अजून.”

“राहू दे. ते ठिवायचं असतंय.”

“कशासाठी?”

“कोठी रिकामी करून झाकण लावायचं नसतंय, बस.”

“पण कारण काय त्याला?”

“तुझी चप्पल उलटी पडली तर सरळ करतीस का न्हाई? मग कारण इचारतीस का?”

मी तिथंच एका रिकाम्या पाकिटावर हिशोब मांडला. सूपभर म्हणजे अडीच किलो. चारशे किलोत अडीच किलो. उत्तर आलं शून्य पूर्णांक बासष्ट. कागदावर आलेला आकडा शून्य पूर्णांक सहा.

आणि आता मी मावशींपुढं उभी राहून त्यांना शिकवत होते.

“ती बाई विचारेल, कोठीत जुनं कसं राहिलं. तुम्ही म्हणा, चुकून राहिलं.”

“चुकून कसं? मी हातानं ठिवलंय.”

“ते मला माहितीये.”

“बारा वरसं झाली, गट निघाल्यापासून ठिवतेय. घरीबी ठिवते. माझी सासू ठिवायची. चुकून म्हणू? मग एवढी वरसं मी काय चुकाच करायले का?”

“मावशी, एक शब्द म्हणायचाय फक्त.”

“मग तूच म्हण की. तुला इंग्रजी येतंय.” त्या वळल्या आणि कढईखालचा जाळ सारखा करायला लागल्या.

रत्नमालाताई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. चाळिशीची बाई, कडक. गट त्यांनी उभा केला होता, बँकेत, तहसीलमध्ये, कुठंही एकट्या जायच्या. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

“म्याडम, ती ऐकायची न्हाई. लई हट्टी हाय. पण तुमी कायबी करा, हे काम जाऊ देऊ नका. अंगणवाडीचं काम तीन महिन्याचं. बारा महिने काम ह्या एका बाईमुळं हाय. हे गेलं तर अकराच्या अकराजणी परत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात्यात. मी बी.”

“मी बघते काहीतरी.”

“काय बघता?”

“मावशी मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार. मधे मीच आहे ना.”

रत्नमालाताईंनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं, मग मान हलवली.

जर्मनीच्या बिर्गिटबाई अकराऐवजी बाराला आल्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. हैदराबादहून रात्रभर प्रवास, मग जीप. त्याही दमलेल्या होत्या. मला वाटलं होतं कोणी तरी खडूस बाई येईल. या बाईनं आल्या आल्या आधी तोंडावर पाणी मारलं, मग प्यायच्या पाण्याचा माठ कुठं म्हणून विचारलं, मग सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि थालीपीठ लोण्याबरोबर दोन खाल्ली. तिसरं घेताना वाकल्या आणि सदऱ्याचं वरचं बटण तुटून ताटात पडलं.

बायका खो खो हसल्या. बिर्गिटबाईही हसल्या. मावशी उठल्या, फळीवरच्या डब्यातून सुई-दोरा काढला, दाराशीसुद्धा गेल्या नाहीत, तिथंच अंधाऱ्या कोपऱ्यात एका झटक्यात सुईत दोरा ओवला आणि बिर्गिटबाईंच्या पुढ्यात बसून बटण लावून दिलं. दातानं दोरा तोडला. बिर्गिटबाईंनी मला विचारलं, “यांचं वय काय?”

“त्रेसष्ट.”

“मला चष्म्याशिवाय माझं घड्याळ दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

मी ते मावशींना सांगितलं. मावशी खूश झाल्या. “तिला म्हणावं, बाजरीची भाकर खा.”

दीड वाजता आम्ही चौघी आतल्या खोलीत बसलो. बिर्गिटबाई, मी, रत्नमालाताई, आणि खाली कोठीला पाठ टेकून मावशी. बिर्गिटबाईंनी पिशवीतून छापील कागद काढला. त्यांचा चेहरा आता आल्या तेव्हापेक्षाही दमलेला दिसत होता.

“हे बघा,” त्या मला म्हणाल्या, “माझ्याकडून तुमच्या कामात आडकाठी नाही. आकडा कमी आहे. पण हा कागद मला आमच्या तपासनिसाला द्यावा लागतो. कसं मिसळलं, टाळण्यासाठी तुम्ही काय केलं होतं, आणि यापुढं काय बदल करणार. तीन उत्तरं. मला ती खरी हवीत. कारण उद्या कोणी माझ्या दुकानात येऊन विचारलं, तर मला तोंड द्यायचंय.”

“समजलं,” मी म्हणाले.

“या बाईंना विचारा, जुनी भाजणी कोठीत राहते का?”

मी मावशींना विचारलं.

“राहती की,” मावशी म्हणाल्या. “मीच ठिवते. सूपभर. सांग तिला, आमच्यात कोठी रिकामी करत न्हाईत. तिच्यात काय करत्यात ते इचार.”

मी बिर्गिटबाईंकडं वळले. इंग्रजी तोंडात तयारच होतं. “त्या म्हणतात, कोठीच्या तळाला थोडं पीठ राहतं. कोठीचा आकारच तसा आहे. हात पोचत नाही. कितीही प्रयत्न केला तरी थोडं राहतंच.”

रत्नमालाताई जमिनीकडं पाहत होत्या. मावशी माझ्या तोंडाकडं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपण बोललो त्याहून जास्त वेळ मी बोलले, हे काही त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिलं नसणार.

बिर्गिटबाईंनी लिहून घेतलं. मला हायसं वाटलं. टाळता न येण्यासारखं. नव्वद पैशाच्या आत. पाकिटावर काही छापायला नको. झालं, सुटलो, असं मी मनात म्हणाले. मला तर तिथंच सतरंजीवर आडवं व्हावंसं वाटत होतं.

“सफाईची नोंद आहे का काही?” बिर्गिटबाईंनी विचारलं.

रत्नमालाताई खुशीत उठल्या. नोंदी आमच्याकडं ढीगभर होत्या. खिडकीतून त्यांनी निळी वही काढली आणि कौतुकानं बिर्गिटबाईंच्या हातात दिली. मी त्यांना अडवू शकले नाही. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत त्या वहीत नेमकं काय आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वेळा भरली होती ती, की तिच्यात काही लिहिलेलं असतं हेच मी विसरले होते.

बिर्गिटबाईंनी तारीख काढली. रकान्यांची नावं मीच हुशारी दाखवायला मराठीबरोबर इंग्रजीतही छापून घेतली होती. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“इथं लिहिलंय, कोठी पूर्ण रिकामी केली, आतून पुसली, तपासली. खूण आहे. सही आहे.” त्यांनी पानं मागं उलटली. “रोजची खूण आहे. दोन वर्षं. रोज पूर्ण रिकामी.” मग त्या माझ्याकडं पाहायला लागल्या. आवाज चढलेला नव्हता. “हात पोचत नाही, तर मग रिकामी कशी होते? ही सही कुणाची?”

सही माझी होती. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरही तेच नाव होतं.

पत्रा वर तडतडत होता. मला एकदम घर दिसायला लागलं. वडील दारातल्या खुर्चीवर बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारे, आमची वैजू परदेशी माल पाठवते. खोट्या नोंदी केल्या म्हणून काढून टाकलेली मुलगी या धंद्यात परत कुठं उभी राहत नाही. आणि खोटी वही निघाली की आमचं बाकीचंही सगळं खोटं धरलं जाणार, गटाचं काम जाणार, हेही दिसलं. पण आधी मला माझंच दिसलं. हे मी पुष्कळ वर्षं कबूल केलं नव्हतं.

“काय म्हणायली ती?” मावशींनी विचारलं.

मी वहीकडंच बघत राहिले.

“वैजू, काय म्हणायली?”

“ती म्हणतीये,” मी म्हणाले, “वहीत लिहिलंय की कोठी रोज रिकामी केली. आणि सही माझी आहे.”

मावशींनी वहीकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण दर शनिवारी चहा पिता पिता मी त्या वहीत भराभर काय करते, ते त्यांनी दोन वर्षं पाहिलं होतं. कधी कधी म्हणायच्यासुद्धा, “झालं का गं तुझं टिपके मारून?” आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नव्हत्या. शाळेतून मार खाऊन आलेल्या लेकराकडं पाहतात तसं पाहिलं. मग पदर सारखा केला आणि थेट बिर्गिटबाईंकडं बघून बोलायला लागल्या.

“सांग तिला. म्याडमनी मला कोठी रिकामी कर, पुसून घे म्हणून सांगितलं हुतं. रोज सांगत्यात. मी केली म्हणून सांगितलं, म्हणून त्यांनी लिहिलं. पर माझी नजर गेलीय आता. वय झालं. तळाला राहिलेलं मला दिसलं न्हाई. चुकून राहिलं.”

रोज सोडाच, मी त्यांना कोठी रिकामी करायला एकदाही सांगितलं नव्हतं. वहीत छापून घेतलं होतं, सांगितलं कुणालाच नव्हतं.

“मावशी...”

“सांग की. म्हणलं तसं सांग.”

“मावशी, अहो...”

“चुकून म्हण म्हणत हुतीस ना सकाळी? आता म्हणले. सांग.”

आणि मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. नजर गेली आहे. दिसलं नाही. चुकून राहिलं.

बिर्गिटबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी मावशींकडं पाहिलं, बराच वेळ. मग त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या बटणाकडं गेला. ते बटण त्यांनी दोन बोटांत धरलं, सोडलं. माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. खोलीत कुणालाच काही कळायचं राहिलं नव्हतं.

“ठीक आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “अपघातानं. सफाईच्या सूचना होत्या, माणसाकडून चूक झाली.” त्यांनी पहिलं उत्तर बदललं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. मग तिसऱ्यावर आल्या. “यापुढं काय बदल करणार? इथं काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. नवी कोठी घेऊ. अंगणवाडीची कोठी वेगळी ठेवू. वही भरणारी स्वतः समोर उभी राहील. यातलं काहीही म्हणता आलं असतं. बिर्गिटबाईंनी घेतलं असतं. मला वाटतं, त्या तशाच कशाची तरी वाट पाहत होत्या.

मी म्हणाले, “यांना कोठीच्या कामावरून काढू.”

का म्हणाले? मी दमले होते. ही सबब नाही, पण दुसरं काही सापडतही नाही. उत्तर समोरच बसलं होतं, आणि मला लवकर संपवायचं होतं.

बिर्गिटबाईंनी पेन टेकवलं, थांबल्या, आणि लिहिलं. मग सही केली. माझी घेतली. रत्नमालाताईंची घेतली. मावशींचा अंगठा घ्यायची गरज नव्हती.

“काय ठरलं?” मावशींनी विचारलं.

हे मला सांगावं लागलं. “माल ठेवून घेतला मावशी. पाकिटावर काही छापायचं नाही. आणि... तुम्हाला आता कोठीवर नको, असं लिहिलंय. नजरेमुळं.”

रत्नमालाताईंनी एकदम वर पाहिलं.

“बरं,” मावशी म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, “आणि कढईवर?”

नजर गेलेल्या बाईला कढईवर कसं ठेवायचं? धान्य करपलं तर? कागदावर एकदा नजर गेली म्हटल्यावर ती सगळीकडूनच गेली. मी वही उचलून खिडकीत ठेवली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बिर्गिटबाई चारला निघाल्या. जीपमध्ये बसण्याआधी त्या परत आत गेल्या. मावशी उडीद निवडत बसल्या होत्या. बिर्गिटबाईंनी दोन्ही हात जोडले, तिकडचे लोक जोडतात तसे, जरा जास्तच वाकून. मावशींनी सुपातून मान वर केली. “परत ये म्हणावं तिला,” मला म्हणाल्या, “पर बटणं नीट लावून ये म्हणावं.” ते मी सांगितलं नाही. मला सांगवलं नाही.

त्या गटाचं पुढं चांगलं झालं. स्टीलची कोठी आली, तिला उतरता तळ, बटण दाबलं की कणसुद्धा राहत नाही. अकराच्या तीस बायका झाल्या. पाकिटावर तसलं काही कधी छापावं लागलं नाही. मी तिथून पुण्याला गेले, मोठ्या कंपनीत लागले, आता माझ्या हाताखाली वह्या भरणारी बारा मुलं आहेत. शनिवारी त्यांच्या खुणा मी तपासते. सगळ्या खुणा एकाच पेनानं, एकाच घाईनं केलेल्या असतात. मी त्यांच्यावर ओरडते, खूप ओरडते. मागून ती म्हणत असतील, म्हातारीचं डोकं फिरलंय.

प्रयागमावशी त्यानंतर कामावर आल्या नाहीत. रत्नमालाताई दोनदा बोलवायला गेल्या, पाकिटं मोजायचं काम देते म्हणाल्या. मावशींनी सांगितलं, मला दिसत न्हाई गं, कशी मोजू? असं म्हणताना त्या अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या, असं रत्नमालाताईंनी मला फोनवर सांगितलं, आणि फोन ठेवून दिला. भाजणीचा वास पुढं कधी तसा आला नाही. गिऱ्हाइकांना कळलं नाही. मला कळायचं.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. पाच वाजले होते. बायका घरी गेल्या होत्या. मी पिशवी भरत होते, सव्वापाचची एसटी गाठायची होती. मावशींनी हाक मारली.

“वैजू, हिकडं ये.”

मी गेले. त्या कोठीपुढं बसल्या होत्या. तोंड उघडं होतं, वरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. हात खांद्यापर्यंत आत घालून त्यांनी कालची सूपभर भाजणी बाहेर ओढली. मग ओल्या फडक्यानं आतून पुसलं. मग कोरड्यानं. मग हाताचं बोट तळाच्या सांध्यातून फिरवलं आणि बोटाला लागलेलं पीठ सुपात झटकलं. मी म्हणाले, राहू द्या मावशी, कशाला. त्यांनी ऐकलं नाही.

“वाक,” त्या म्हणाल्या. “डोकं घालून बघ. काय राहिलंय का?”

मी गुडघ्यावर बसले, बॅटरी लावली, आत डोकं घातलं. पत्रा स्वच्छ होता. इतका, की मला त्यात माझा चेहरा अंधुक दिसत होता.

“काही नाही,” मी म्हणाले.

“नीट बघितलंस?”

“हो.”

मावशी उठल्या. गुडघ्याला हात लावून, हळूच. सूप उचललं, कमरेवर घेतलं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“झाकण तू लाव,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं न्हाई व्हायचं.”

त्या गेल्या. सव्वापाचची एसटी निघून गेल्याचा आवाज आला. मग मी झाकण उचललं आणि लावलं. खिडकीतून निळी वही काढली, त्या तारखेपुढं खूण केली आणि सही केली. दोन वर्षांत त्या वहीत आत बघून केलेली ती माझी पहिली खूण.